दाजींचे ऐंशी टक्के

आमच्या दाजींच्या घरी बाहेरच्या खोलीत दोनच कागद काचेच्या चौकटीत होते. एक माझ्या भाचीचं पदवीचं प्रमाणपत्र आणि दुसरा त्यांच्या जुन्या टॅक्सीच्या बॅटरीचा तपासणी अहवाल. दोन्ही एका उंचीवर, एकाच रंगाच्या चौकटीत. भाचीला हे मुळीच खपत नसे. ती म्हणायची, "बाबा, मला चौऱ्याहत्तर मिळाले म्हणून त्या बॅटरीचे एक्क्याण्णव मुद्दाम शेजारी टांगलेत ना?"

"तिने सहा वर्षं रोज अभ्यास केलाय," दाजी म्हणायचे. "तू परीक्षेच्या आदल्या आठवड्यात करायचीस."

यावर ताई स्वयंपाकघरातून ओरडायची की त्या बॅटरीचं एकदा लग्नही लावून द्या. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मी दाजींची मेहुणी, त्यामुळे त्यांची खेचायचा मला जन्मसिद्ध अधिकार होता आणि तो मी पुरेपूर बजावत असे. पण एक कबूल करायला हवं. विजेवर चालणाऱ्या गाडीतलं काही समजून घ्यायचं असेल तर दाजींइतकं सोपं करून सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्या एक्क्याण्णवचा अर्थ त्यांनीच मला सांगितला होता. पाण्याची बाटली घेऊन ते म्हणाले, "बाईसाहेब, गाडीत टक्के दोन प्रकारचे. एक चार्जचे, म्हणजे बाटलीत आत्ता पाणी किती. ते रोज वरखाली होतं. दुसरे क्षमतेचे, म्हणजे मुळात बाटली केवढी उरलीय. ती वर्षागणिक आक्रसते. माझी सहा वर्षांत फक्त नऊ टक्के आक्रसली. का? कारण मी ती कधी तळापर्यंत रिकामी केली नाही आणि गळ्यापर्यंत भरली नाही. विसाच्या खाली नाही, ऐंशीच्या वर नाही."

वीस ते ऐंशी हा त्यांचा धर्मच होता. जेवतानासुद्धा ताटात चौथी पोळी आली की म्हणायचे, "ऐंशी झाले, बस."

पुढे टॅक्सी विकून दाजी आमच्या रक्तपेढीत चालक म्हणून लागले. मी तिथे तंत्रज्ञ आहे. रक्त तपासणं, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावणं, फ्रीजचं तापमान दर चार तासांनी टिपणं आणि गरज पडली तर पेटी घेऊन गाडीतून जाणं, ही माझी कामं. रक्तपेढीने नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद दाजींना झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी नवी वही काढली आणि किलोमीटर, टक्के, तारीख असे तीन रकाने आखले.

गाडीबरोबर सर्व्हिस सेंटरमधली एक मुलगी आली होती. खांद्यावर पिशवी, हातात स्क्रू-ड्रायव्हर, बोलणं भराभर. तिने मागच्या अंगणात चार्जर बसवला आणि त्याच्या पांढऱ्या खोक्यावर एक स्टिकर चिकटवला. "आठवड्यातून एकदा पूर्ण शंभर टक्के चार्ज करावी."

दाजींनी तो वाचला आणि हसले. "पोरी, मी ह्या गाड्या तू शाळेत होतीस तेव्हापासून चालवतोय."

"काका, तुमची जुनी बॅटरी वेगळ्या जातीची होती. हिला शंभर लागतात. नाहीतर हिचा हिशेब चुकतो."

"बरं," दाजी म्हणाले.

ती फाटकाबाहेर पडली आणि दाजींनी नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. मला म्हणाले, "कंपनीला काय, बॅटरी लवकर मेली की नवी विकता येते." स्टिकर निघाला, त्याच्या डिंकाचा चौकोनी डाग तेवढा राहिला. बाकीच्या तिघा चालकांना त्यांनी ताकीद दिली की ऐंशीला वायर काढायची म्हणजे काढायची. दाजी वयाने थोरले, शिवाय ते अहवालवाले. कोणी हूं की चूं केलं नाही. मीही केलं नाही. मी तर हसले होते, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात ते हसणंही येतं.

असे चार महिने गेले.

त्या दिवशी सकाळी दहा चाळीसला डोंगरापलीकडच्या छोट्या रुग्णालयातून फोन आला. बाळंतीण होती. बाळ सुखरूप होतं, पण आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. त्यांच्याकडे दोनच पिशव्या होत्या आणि दुसरी लावायला घेतली होती. तिथली डॉक्टर अगदी शांत आवाजात बोलत होती, आणि मला त्या शांतपणाचीच भीती वाटली. ती म्हणाली, "एकपर्यंत मिळालं तर मी हिला सांभाळते. एकच्या पुढचं मी सांगू शकत नाही."

आमच्याकडे चार पिशव्या होत्या. मी त्या बर्फाच्या पेटीत भरल्या, सही केली आणि धावत अंगणात आले. दाजी गाडीत बसलेलेच होते. पडद्यावर अठ्ठ्याहत्तर टक्के दिसत होते.

"एकशे बारा किलोमीटर," मी म्हटलं. "मध्ये घाट आहे."

"पन्नास लागतील. अठ्ठावीस हातात राहतील. बसा."

दहा पंचावन्नला आम्ही निघालो. शहराबाहेर पडेपर्यंत मी पेटी मांडीवर धरून बसले होते, जणू ती खाली ठेवली तर कुणाचा तरी जीव खाली पडेल. दाजी गाडी चांगली चालवत. उगाच ब्रेक नाही, उगाच दामटणं नाही. पण त्या दिवशी त्यांनी जरा दामटली. मी घड्याळाकडे बघत होते आणि ते रस्त्याकडे.

बाराला दोन मिनिटं कमी असताना आम्ही घाटाच्या पायथ्याशी पोचलो. चौऱ्याहत्तर किलोमीटर झाले होते आणि पडद्यावर शेहेचाळीस होते. समोरून एक रुग्णवाहिका सायरन वाजवत शहराकडे गेली. पायथ्याशी एक मोठा चार्जर आहे, चहाच्या दुकानाशेजारी. दोन्ही जागा रिकाम्या होत्या. मी तिकडे बोट दाखवलं.

"दाजी, दहा मिनिटं लावूया का? हा भराभर चार्ज करतो ना?"

"कशाला? शेहेचाळीस आहेत. वर जायला लागतील सोळा, पलीकडे तर उतारच आहे. शिवाय वेळ कुणाकडे आहे?"

"नाही, आपलं मनाला…"

"बाईसाहेब, मन वेगळं आणि आकडा वेगळा. आकडा खोटं बोलत नाही."

त्यांना बॅटरीतलं कळतं आणि मला रक्तातलं, असं मी स्वतःला समजावलं. चहाचं दुकान मागे गेलं आणि पहिलं वळण आलं.

घाट चौदा किलोमीटरचा आहे. सातव्या किलोमीटरला एक पांढरा दगड आहे, त्याच्या थोडं पुढे ते झालं. अडतीस होते. मी स्वतः पाहिलं, अडतीस. वळण घेऊन गाडी चढाला लागली आणि पडद्यावर नऊ आले. सदतीस नाही, छत्तीस नाही, थेट नऊ. वर एक पिवळं चिन्ह लागलं आणि गाडीचा जोर कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखा कमी झाला.

"दाजी, हे काय?"

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तीस वर्षांत मी त्या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. भाचीच्या वेळी ताई बाळंतीण झाली तेव्हाही नाही. त्यांनी हात लांब करून एसी बंद केला, मग पंखा, मग पडद्याचा उजेड कमी केला. गाडी ताशी बावीसच्या वेगाने चढत राहिली.

"दाजी, बोला काहीतरी."

"अडतीस नव्हतेच," ते म्हणाले. "ती पोरगी म्हणाली होती. हिचा हिशेब चुकतो."

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलं, डोळे रस्त्यावरून न हलवता. धान्याची कोठी असते. झाकण न उघडता आपण नुसतं लक्षात ठेवतो, आज चार वाट्या घातल्या, आज तीन काढल्या. पण रोज थोडं उंदीर खातो, ते आपल्या मोजणीत येत नाही. कोठी काठोकाठ भरली तरच कळतं की आता भरली, आणि मोजणी पुन्हा नव्याने सुरू करता येते. गाडीही आत काय आहे ते बघत नाही, आत-बाहेर किती गेलं ते मोजते. त्यांच्या जुन्या गाडीला मधल्या मध्येही अंदाज लागत असे. हिला लागत नाही. हिला फक्त पूर्ण भरल्यावर आणि अगदी तळाला गेल्यावर खरं कळतं. उभ्या गाडीत रोज जे थोडंसं जिरत होतं ते चार महिने मोजलंच गेलं नव्हतं.

"म्हणजे निघताना किती होते?"

"पन्नाससुद्धा नसतील."

मला इतका संताप आला की मला त्यांना मारावंसं वाटलं. हे मी खरं सांगते. मांडीवर चार पिशव्या आणि शेजारी हा माणूस, ज्याने एका नखाने स्टिकर काढला होता. "पायथ्याशी मी म्हटलं होतं तुम्हाला," मी म्हणाले.

"म्हटलं होतंत."

"थांबवा गाडी. मी कुणाला तरी हात करते."

"थांबवली तर ह्या चढावर पुन्हा उचलेल की नाही, माहीत नाही. चालतेय तोवर चालू द्या. खिडकीतून हात दाखवा."

मी हात बाहेर काढून बसले. तेवढ्या वेळात वर जाणारा एकच ट्रक आला. तो हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. त्याला वाटलं असेल आम्ही त्याला वाट देतोय. फोनला रेंज नव्हती. एका वळणावर एक काडी आली तेव्हा मी रुग्णालयात फोन लावला आणि तुमची रुग्णवाहिका समोरून पाठवा म्हटलं. नर्स म्हणाली, ती मघाशीच दुसरा पेशंट घेऊन शहरात गेली. म्हणजे पायथ्याशी आम्हाला भेटलेली तीच.

"बाळंतीण कशी आहे?" मी विचारलं.

"तुम्ही कुठे आहात?" नर्सने विचारलं, आणि रेंज गेली.

आठ. सहा. पाच. दाजी वळणं बाहेरून घेत होते, चढ कमी लागावा म्हणून. त्यांच्या कपाळावरचा घाम भुवईत साचला होता आणि तो पुसायला ते स्टिअरिंगवरचा हात काढत नव्हते. मी माझ्या ओढणीने पुसला. रागावलेली असले तरी पुसला. तीन. दोन. वेग अठरावर आला. रस्त्याकडेने एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढत होती, तिला मागे टाकायला आम्हाला बराच वेळ लागला.

पडद्यावर शून्य आलं तेव्हा माथा दिसत होता. दोनेकशे मीटर असतील. शून्यावर गाडी थांबते असं मला वाटत होतं, म्हणून मी पेटी उचलून दाराचा खटका धरला. पळत गेले तर किती वेळ लागेल याचा हिशेब मी करत होते. चोवीस किलोमीटर. तो हिशेब करण्यात काही अर्थ नव्हता तरी करत होते.

"शून्याखाली थोडं ठेवलेलं असतं," दाजी पुटपुटले. "थोडंसंच असतं." ते मला सांगत होते की गाडीला, कळलं नाही.

माथ्यावर मैलाचा दगड आहे. त्याच्यापाशी गाडी जवळजवळ उभीच राहिली, मग पुढची चाकं उताराला लागली. दाजींनी श्वास सोडला. उतारावर चाकंच बॅटरी भरतात, हे त्यांनी मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. एक टक्का आला. बऱ्याच वेळाने दोन. ते गाडी दामटू शकत नव्हते, कारण खालचे सपाटीचे चार किलोमीटर ह्याच टक्क्यांवर काढायचे होते. उतार असूनही आम्ही सावकाश चाललो होतो आणि घड्याळात एक वाजून गेला.

एक अकराला आम्ही रुग्णालयाच्या आवारात शिरलो. नर्स पायरीवरच उभी होती. तिने पेटी माझ्या हातातून अक्षरशः ओढून घेतली.

बाई वाचली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला स्वतःला ते कळेपर्यंत जवळजवळ तीन तास जीव टांगणीला लागला होता. आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. चारच्या सुमारास डॉक्टर बाहेर आली आणि म्हणाली, "आता धोका नाही. शेवटची दहा मिनिटं कशी काढली ते मात्र विचारू नका." दाजी उठून गाडीकडे गेले आणि वहीत काहीतरी लिहीत बसले.

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीत ती गोष्ट माझ्या आधी पोचली होती, आणि वेगळीच होऊन पोचली होती. कंपनीच्या गाडीने ऐन घाटात दगा दिला आणि दाजींनी कौशल्याने शून्यावर घाट पार केला. आमचे मोठे डॉक्टर सगळ्यांना तेच सांगत होते. "असा चालक पाहिजे," म्हणत होते. कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं ठरलं. मी घरची, शिवाय साक्षीदार; मी तोंड उघडलं असतं तर ताईच्या नवऱ्याची नोकरी गेली असती. मी मूग गिळून बसले. दाजीही काही बोलले नाहीत. त्या दिवसांत ताई मला दोनदा म्हणाली की हे जेवत नाहीत, काय झालंय ते तू तरी सांग.

आठव्या दिवशी त्या बाईचा नवरा आला. नळाचं काम करणारा तरुण माणूस, दाढी वाढलेली, शर्ट इस्त्रीचा. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. त्या माणसाला फारसं बोलता येत नव्हतं. त्याने दाजींचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून उभा राहिला. मोठे डॉक्टर म्हणाले, "गाडीत शून्य टक्के असताना ह्यांनी घाट पार केला, बरं का."

"ते शून्य मीच केलं होतं," दाजी म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. दाजींनी हात सोडवून घेतला नाही. त्या माणसाच्या हातात हात तसाच ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. स्टिकर, नख, ऐंशी टक्के, बाकीच्यांना दिलेली ताकीद, पायथ्याचा रिकामा चार्जर. मग डाव्या हातानेच त्यांनी खिशातून वही काढली. "मी हिशेब केलाय. गाडी शंभर भरलेली असती तर आम्ही बारा पन्नासला पोचलो असतो. पायथ्याशी दहा मिनिटं थांबलो असतो, तरी एकला. आम्ही पोचलो एक अकराला."

"म्हणजे एकवीस मिनिटं," तो माणूस म्हणाला.

"एकवीस."

त्याने दाजींचा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला. "त्या एकवीस मिनिटांत तिचे पाय गार पडले होते," तो म्हणाला. "मी चोळत होतो. मला वाटलं मी चोळायचा थांबलो तर जाईल."

दाजी उभे होते. त्यांचा उजवा हात अजून तसाच पुढे होता, तो खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तो माणूस दाराशी गेला, तिथे थांबला. वळून म्हणाला, "आता ती गाडी भरलेली असते का?"

"आज सकाळी शंभर केलीय."

त्याने मान हलवली आणि गेला. मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, पत्राचं नंतर बघू. दाजींना दोन आठवडे गाडीला हात लावू दिला नाही. नोकरी राहिली.

दोन आठवड्यांनी मी सकाळी पाळीवर आले तेव्हा दाजी अंगणात चार्जरपाशी उभे होते. स्टिकरच्या डिंकाच्या डागावर त्यांनी एक कागद चिकटवला होता. दाजींच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "ही गाडी दर रविवारी पूर्ण शंभर टक्के भरायची. निघताना शंका आली तर वाटेत थांबायचं. मी थांबलो नव्हतो." खाली त्यांची सही. वारा आला तसा कागदाचा सुटा कोपरा उलटला आणि पाठीमागे मला छापील रकाने दिसले. बॅटरीची उरलेली क्षमता, एक्क्याण्णव टक्के.

त्या रविवारी मी ताईकडे जेवायला गेले. भिंतीवर भाचीचं प्रमाणपत्र एकटंच होतं आणि शेजारी रिकामा खिळा.

"खिळा काढून टाका ना," ताई म्हणाली. "बरं दिसत नाही."

"असू दे," दाजी म्हणाले, आणि त्यांनी चौथी पोळी मागून घेतली.